पर्शेरॉन : फ्रान्सचा कष्टाळू अश्व

‘घोडा’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे स्वार, शर्यत किंवा टांगा उभा राहतो. नांगर व जड गाडा ओढणे हे काम आपण बैलाचे समजतो. परंतु युरोपातील पुष्कळ देशांत हे काम शतकानुशतके घोड्याने केले. अशा घोड्यांपैकी फ्रान्समधील पर्शेरॉन या जातीची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

पॅरिसच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर पर्श नावाचा टेकड्यांचा व हिरव्या कुरणांचा एक लहानसा प्रांत आहे. त्याच्याच नावावरून या घोड्यास नाव पडले. हा घोडा खांद्यापाशी पाच ते सहा फूट उंच असतो व त्याचे वजन कित्येकदा एक टनाच्या घरात जाते. छाती रुंद, मान भरदार, पुठ्ठे बळकट; पण डोके रेखीव व डोळे पाणीदार. रंग बहुधा करडा किंवा काळा. करड्या घोड्याचे शिंगरू जन्मतः काळसर असते व वयाबरोबर पांढरे होत जाते. इंग्लंडातील शायर घोड्याच्या पायांवर केसांचे मोठे झुपके असतात, तसे याच्या पायांवर नसतात. त्यामुळे चिखलात याचे पाय स्वच्छ ठेवणे सोपे जाते. एवढा धिप्पाड असूनही हा दुडक्या चालीने दूरवर जाऊ शकतो, हे याचे विशेष होय.

इ. स. ७३२ च्या लढाईनंतर अरबांचे घोडे येथे राहिले व त्यांपासून ही जात झाली, अशी एक कथा सांगतात. परंतु तीस भक्कम पुरावा नाही. १८२० च्या सुमारास मात्र ल पँ येथील सरकारी अश्वशाळेतील दोन अरबी घोड्यांचा उपयोग या जातीच्या सुधारणेसाठी करण्यात आला, अशी नोंद आहे. आजचे सर्व पर्शेरॉन १८२३ साली जन्मलेल्या ‘झाँ ल ब्लां’ नामक घोड्याचे वंशज मानले जातात.

या घोड्याचे शिक्षण कसे होई, हे पाहण्यासारखे आहे. पर्शचा शेतकरी घोड्या बाळगी. शिंगरू थोडे मोठे झाले, की ते शेजारच्या बोस या धान्याच्या सपाट मुलखातील शेतकऱ्यास विकले जाई. तेथे ते नांगर ओढण्यास शिके व अंगाने भरे. पुढे पूर्ण वाढ झाली, म्हणजे ते पॅरिसला जाई व तेथे टपालाची गाडी किंवा प्रवाशांची ऑम्निबस ओढी.

आगगाडी आली आणि टपालाच्या गाड्या मागे पडल्या. तेव्हा अधिक जड घोड्यास मागणी आली. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी १८८० नंतरच्या दशकात हजारो पर्शेरॉन विकत नेले. वंश शुद्ध राहावा म्हणून १८८३ साली नोजाँ-ल-रोत्रू येथे संस्था स्थापून वंशावळीचे पुस्तक सुरू करण्यात आले. पहिल्या महायुद्धात या घोड्यांनी तोफा व रसद ओढली. इकडे जानेवारी १९१३ मध्येच पॅरिसची शेवटची घोड्यांची ऑम्निबस बंद झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर घरोघर आला, आणि या इमानी प्राण्यावर खरे संकट ओढवले. १९५४ साली सबंध अमेरिकेत केवळ ८५ पर्शेरॉनांची नोंद झाली. खुद्द फ्रान्समध्ये, ज्याने शेते नांगरली त्याचीच पैदास मांसासाठी होऊ लागली. तरीही काही शेतकऱ्यांनी, फायदा नसतानाही, आपल्या घोड्या विकल्या नाहीत. त्यांच्याच चिकाटीने ही जात टिकली. आज द्राक्षांच्या मळ्यांत व अरण्यांत, जेथे जड यंत्रांनी जमीन दबते, तेथे पर्शेरॉनला पुन्हा काम मिळू लागले आहे.

पर्शेरॉन हा निसर्गाने जितका घडविला, तितकाच मनुष्याने आपल्या गरजेपोटी घडविला. आपण ज्यास घडविले, त्याची गरज सरली म्हणून त्यास टाकून द्यावे काय? पर्शच्या त्या थोड्या शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीने दिले. आमच्या वाचकांनीही, आपल्या दाराशी राबणाऱ्या मुक्या जनावराकडे पाहताना, ते आठवावे.