पूर्व दिशा आणि दक्षिण दिशा : पालक-शिक्षक सहकार्याविषयी

राजगृहाच्या वेळुवनात भगवान बुद्धांचे वास्तव्य असताना सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र पहाटे ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना हात जोडताना त्यांना दिसला. कारण विचारता, वडिलांनी मरणसमयी तशी आज्ञा केली होती, असे त्याने सांगितले. बुद्धांनी त्या आज्ञेची टवाळी केली नाही. दिशांना खरे वंदन कोणते, हे त्यांनी त्याला समजावून दिले. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताचा हा प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पालक व शिक्षक यांच्या नात्याचा विचार करताना आम्हाला तो वारंवार आठवतो. मुलगा घरून जे घेऊन आला, त्याचा अवमान न करता त्याला अर्थ देणे, हे आचार्याचे पहिले काम होय.

या सुत्तात मातापिता ही पूर्व दिशा आणि आचार्य ही दक्षिण दिशा मानली आहे. मुलाला वाईटापासून परावृत्त करणे, सन्मार्गाला लावणे व विद्या-शिल्प शिकविणे हे मातापित्यांच्या कर्तव्यांत येते. उत्तम शिकविणे आणि शिकविलेले नीट ग्रहण झाले की नाही हे पाहणे, हे आचार्यांच्या कर्तव्यांत येते. मात्र पालकांनी आचार्यांशी व आचार्यांनी पालकांशी कसे वागावे, याची निराळी जोडी तेथे सांगितलेली नाही. या दोन दिशा मध्ये उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या ठायीच एकत्र येतात. म्हणून त्यांना जोडण्याचे काम आपले आपणच करावयाचे आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यातील कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. परंतु हा अधिनियम 6 ते 14 वर्षे वयाच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या बालकांसाठी आहे. सरकारी माध्यमिक शाळांसाठी राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानातून व्यवस्थापन व विकास समित्या आल्या, तसेच पालक-शिक्षक संघही आहेत. तरीही नववी-दहावीत, जेव्हा अभ्यास कठीण होतो, घरची ओढाताण वाढते आणि मुलींच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात, नेमक्या तेव्हाच पालकांची शाळेतील ये-जा कमी होते.

याचे मोठे कारण संकोच हे आहे. “आम्ही अडाणी, गुरुजींना काय सांगणार?” हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. अशा पालकांना आम्ही इतिहासाची आठवण देऊ इच्छितो. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा शाळेची पायरीही न चढलेल्या कितीतरी आईबापांनी आपली मुले शिक्षणाच्या हवाली केली. त्यांना गणित शिकविता येत नव्हते. आपले मूल ते ओळखत होते.

आजही हेच खरे आहे. मूल रात्री किती वेळ जागते, कोणत्या विषयाचे नाव निघताच गप्प होते, घरात कोण आजारी आहे, हे पालकांना ठाऊक असते. वर्गात त्याचे लक्ष कोठे भरकटते, कोणते गुण उमलू लागले आहेत, हे शिक्षकांना दिसते. दोघांजवळ अर्धे अर्धे ज्ञान आहे. ऊसतोडीस जाणारे कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, हे शिक्षकाला आधी कळले तर मुलाला आजीजवळ किंवा वसतिगृहात ठेवण्याची तजवीज होऊ शकते. ते नंतर कळले, तर हजेरीपटावर केवळ गैरहजेरीची खूण उरते.

यासाठी काही साध्या गोष्टी आम्ही सुचवितो. पालकांशी पहिली भेट तक्रारीसाठी नसावी. मुलाचे एखादे चांगले काम सांगून तिचा आरंभ व्हावा. सभेची वेळ मजुरी बुडणार नाही अशी ठेवावी. आईचेही म्हणणे ऐकून घ्यावे. जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी जावे. पालकांनी गुणपत्रिकेवर सही करण्यापूर्वी मुलाला “काय समजले नाही?” एवढे विचारावे व ते शिक्षकांना कळवावे. मुलासमोर शिक्षकांची निंदा करू नये; शिक्षकांनीही वर्गात कोणाच्या घराविषयी उणा शब्द काढू नये.

आपल्या निवासी विद्यालयात तर मूल आणि घर यांत अनेक कोसांचे अंतर असते. येथे ही जबाबदारी अधिकच वाढते. माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या गावच्या सरकारी माध्यमिक शाळेत पालकसभा असेल, त्या दिवशी संकोचाने दाराशी थांबलेल्या एखाद्या आईबापाला सोबत घेऊन आत जावे. आपणही एकेकाळी अशाच कोणाचा तरी हात धरून शाळेत आलो होतो.