निळ्या कोटातला ससा

पंचतंत्रातील ससा सिंहाशी बोलतो; इसापनीतीतील कोल्हा कावळ्याशी बोलतो. ऐकणाऱ्यास त्यात नवल वाटत नाही. परंतु असा बोलका प्राणी चित्रात दाखवावयाचा झाला, की चित्रकारापुढे पेच उभा राहतो. त्यास माणसाचे कपडे चढवावेत, तर प्राणी हरपतो आणि उरते ते केवळ सोंग. न चढवावेत, तर तो बोलत असेल हे पाहणाऱ्यास पटत नाही. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज चित्रकर्तीने हा पेच मोठ्या कौशल्याने सोडविला.

बीट्रिक्सचा जन्म १८६६ साली लंडन येथे झाला. तिला शाळेत धाडले नाही. तिचे शिक्षण घरीच झाले. ससे, उंदीर, बेडूक, सरडे हे तिचे व तिच्या धाकट्या भावाचे सोबती होते. त्यांना न्याहाळीत ती त्यांची चित्रे काढी. एखादा प्राणी मेला, तर त्याच्या सांगाड्याचाही ती अभ्यास करी.

१८९३ साली तिच्या एका शिक्षिकेचा नोएल नावाचा पाच वर्षांचा मुलगा आजारी पडला. त्याचे मन रमावे म्हणून तिने पीटर नावाच्या खट्याळ सशाची गोष्ट पत्रातून चित्रांसह लिहून धाडली. पुढे तिने त्या गोष्टीचे पुस्तक तयार केले. पण अनेक प्रकाशकांनी ते नाकारले. ती खचली नाही. १९०१ साली तिने स्वखर्चाने २५० प्रती छापविल्या. तेव्हा नाकारणाऱ्यांपैकीच एका प्रकाशकाने १९०२ साली ते पुस्तक रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केले.

आईने पीटरला बजावलेले असते, की मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नकोस. तुझे वडील तेथेच प्राणास मुकले. तरीही पीटर फाटकाखालून आत शिरतो. अंगात निळा कोट, पायांत जोडे! मुळे खाताना तो एखाद्या ऐटबाज मुलासारखा दिसतो. इतक्यात मॅकग्रेगर त्याच्या पाठीस लागतो. धावताना जोडे हरवतात, तेव्हा पीटर चारही पायांवर अधिक वेगाने पळू लागतो. कोटाची मोठी बटणे जाळ्यात अडकतात, तेव्हा तो कोट तेथेच टाकून निसटतो. मुलाचा वेष गळून पडतो आणि खराखुरा ससा आपला जीव वाचवितो.

कोटाच्या आतील शरीर हुबेहूब सशाचे आहे, म्हणूनच पीटरचे बोलणे आपणांस खरे वाटते. कल्पनेने भरारी घ्यावी. पण तिला निरीक्षणाचे बळ हवे.

पुस्तकांच्या उत्पन्नातून बीट्रिक्सने डोंगराळ, तलावांच्या प्रदेशात शेते विकत घेतली. १९४३ साली ती निधन पावली. आपली चार हजारांहून अधिक एकर जमीन तिने निसर्गरक्षणासाठी एका संस्थेच्या स्वाधीन केली होती.

स्वाध्याय
१. बोलक्या प्राण्याचे चित्र काढताना कोणता पेच पडतो?
२. पीटरने कोट टाकला नसता, तर काय झाले असते?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या प्राण्याचे आठवडाभर निरीक्षण करा व त्याचे वर्णन दहा ओळींत लिहा.