वळिवड्याची छावणी आणि आश्रयाचा कायदा

लग्नसराई जवळ आली म्हणजे करवीर, हातकणंगले, शिरोळ व कागल ह्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें बस्ता बांधण्यासाठीं गांधीनगरास जातात. कापड पाहावें, भाव ठरवावा, गांठोडें बांधून घ्यावें आणि दिवस मावळण्यापूर्वीं घर गांठावें, एवढाच आपला त्या गांवाशीं संबंध. परंतु वळिवड्याच्या ह्या भूमीनें थोड्याच वर्षांच्या अवधींत दोन परागंदा लोकसमूहांस आश्रय दिला, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. पहिला समूह आज तेथें नाहीं; दुसऱ्याचीं मुलेंनातवंडें आज तेथें दुकानें चालवितात. एक गेला आणि दुसरा राहिला, ह्याचें कारण काय? ह्या एका प्रश्नाचा नीट विचार केल्यास, निर्वासितांविषयीं देशोदेशींचे कायदे अलीकडे कां व कसे बदलत आहेत, तें समजण्यास आपणांस पुष्कळ साह्य होईल.

१. पहिले पाहुणे

सप्टेंबर १९३९ मध्यें जर्मनीनें पश्चिमेकडून व रशियानें पूर्वेकडून पोलंड देश व्यापला. पूर्वभागांतील लाखों लोकांस रशियन सरकारनें १९४० व १९४१ सालीं घरांतून उठवून सायबेरिया व कझाकस्तान येथें नेलें. पुढें जर्मनीनें रशियावरच चाल केली, तेव्हां पोलंडच्या लंडन येथील परागंदा सरकारशीं रशियानें करार केला व ह्या लोकांची सुटका झाली. १९४२ सालीं त्यांपैकीं एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक इराणांत पोहोंचले. पुरुष बहुतेक सैन्यांत गेले. बायका, मुलें व वृद्ध कोठें ठेवावे हा प्रश्न उरला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनीं बालाचडी येथें पोलिश मुलांस प्रथम आश्रय दिला. त्यानंतर १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथें मोठी छावणी उभारली गेली व तेथें सुमारें ५,००० पोलिश लोक राहूं लागले.

लांबच लांब बराकी, त्यांच्या भाषेंत शिकविणाऱ्या शाळा, दवाखाना, उपासनामंदिर, नाटकांची जागा, बालवीरांचीं पथकें, असें तें एक लहानसें गांवच होतें. खर्चाचा भार पोलंडच्या परागंदा सरकारवर होता. परंतु जुलै १९४५ मध्यें ब्रिटननें त्या सरकारची मान्यता काढून वॉर्सा येथील नव्या सरकारास दिली. तेवढ्यांत ह्या लोकांचे मूळ प्रांतहि रशियाच्या हद्दींत गेले. गांव जागच्या जागीं होतें, पण देश त्याच्या खालून सरकला होता. परत जावें तर कोठें? अखेर १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. बहुतेक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आदि देशांस गेले. कांहीं पोलंडला परतले. क्वचित् एखादी मुलगी विवाह होऊन कोल्हापुरांतच राहिली. जे येथें मृत्यु पावले त्यांच्या कबरी कोल्हापुरांत आहेत, आणि महावीर उद्यानांत त्या लोकांचा स्मृतिस्तंभहि उभा आहे.

२. दुसरे पाहुणे

१९४७ सालीं फाळणी झाली आणि सिंधमधून लाखों हिंदु कुटुंबें निघालीं. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत उल्हासनगर वसलें. वळिवड्याच्या पोलिश छावणींत गांधीनगर वसलें. तेंच रान, त्याच बराकी, तशीच हातांतलीं बोचकीं. परंतु सिंधी कुटुंबांजवळ एक गोष्ट होती जी पोलिश कुटुंबांजवळ नव्हती. भारताच्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानें, १९ जुलै १९४८ पूर्वीं पाकिस्तानांतून येऊन येथें राहिलेल्यांस नागरिक मानलें, व त्यानंतर आलेल्यांस नोंदणीचा मार्ग दिला. ह्यास्तव त्यांस दुकानाची पाटी आपल्या नांवानें लावतां आली, जागा घेतां आली, मत देतां आलें. ज्यास उद्यां येथेंच असूं अशी खात्री आहे, तोच झाड लावतो.

पोलिश लोकांशीं कोल्हापूरकर कठोर वागले असें मुळींच नाहीं. त्यांनीं व त्यांच्या मुलांनीं ह्या गांवाची आठवण आयुष्यभर कृतज्ञतेनें ठेवली. त्यांस येथेंच राहावयाचें होतें असेंहि नव्हे. त्यांचें मन मायदेशाकडे होतें. तरी मुद्दा राहतोच. त्यांचा आश्रय दुसऱ्याच्या संमतीवर व दुसऱ्याच्या पैशावर उभा होता. तो आधार हलला तेव्हां त्यांस पुन्हा बोचकीं बांधावीं लागलीं. दया दार उघडते. परंतु दार उघडें ठेवण्यास कायदा लागतो.

३. तीन शब्द वेगळे ओळखावे

ह्या विषयांत तीन शब्द नेहमीं एकमेकांत मिसळतात. पोटासाठीं स्वखुशीनें दुसरीकडे जातो तो स्थलांतरित. धर्म, वंश, राष्ट्र, विशिष्ट समाज किंवा राजकीय मत ह्यांमुळें छळ होईल ह्या सकारण भीतीनें देश सोडतो तो निर्वासित; ही व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची आहे. आणि कागदाशिवाय सीमा ओलांडतो तो अनधिकृत प्रवेश करणारा. परंतु जीव वाचविण्यास पळणाऱ्यास छळ करणाऱ्या सरकारकडूनच पारपत्र कसें मिळावें? म्हणून निर्वासित हा पुष्कळदां कागदाशिवायच येतो. १९५१ च्या कराराचा गाभा असा कीं, अशा माणसास जेथें त्याचा जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यांत आहे तेथें परत ढकलूं नये. भारतानें ह्या करारावर सही केलेली नाहीं, व निर्वासितांसाठीं आपल्याकडे स्वतंत्र कायदाहि नाहीं.

४. आपल्या देशांतील बदल

कायदा नसतांहि भारतानें आश्रय दिला नाहीं असें नाहीं. १९५९ नंतर तिबेटी लोक आले. त्यांची एक वसाहत आपल्याच राज्यांत गोंदिया जिल्ह्यांत आहे. १९७१ सालीं पूर्व पाकिस्तानांतून सुमारें एक कोटि लोक आले. श्रीलंकेंतील तमिळ कुटुंबें १९८३ पासून येत गेलीं. प्रत्येक वेळीं सरकारनें त्या त्या प्रसंगापुरती व्यवस्था केली.

अलीकडील बदल असे. डिसेंबर २०१९ मध्यें नागरिकत्व कायद्यांत दुरुस्ती झाली. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस नागरिकत्वाचा मार्ग तिनें मोकळा केला. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजीं प्रसिद्ध झाले. पुढें २०२५ सालीं परकीयांविषयींचा १९४६ चा कायदा व त्यासारखे आणखी तीन कायदे रद्द होऊन एकच नवा कायदा झाला, व तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. पारपत्र किंवा प्रवेशपत्र नसतां येणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद, पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत आहे. त्याबरोबरच एका आदेशानें वरील तीन देशांतून छळामुळें ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या त्याच सहा धर्मांच्या लोकांस, तसेंच ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या व नोंदणी झालेल्या श्रीलंकेच्या तमिळांस, ह्या शिक्षेंतून सूट दिली गेली.

येथें वाचकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. शिक्षेंतून सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. सूट मिळालेल्या मनुष्यास कैद होणार नाहीं. परंतु तो मतदार झाला असें नाहीं. दुसरें असें कीं, ह्या यादींत जो बसत नाहीं, जसा ब्रह्मदेशांतून पळालेला रोहिंग्या, तो कितीहि छळला गेला असला तरी कायद्याच्या दृष्टीनें केवळ परकीय. न्यायालयांनीं ह्या बाबतींत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. चकमा लोकांच्या खटल्यांत १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालय म्हणालें कीं, जीविताचें संरक्षण नागरिक नसलेल्यासहि आहे. रोहिंग्यांच्या प्रकरणांत २०२१ सालीं त्याच न्यायालयानें म्हटलें कीं, देशांत राहण्याचा हक्क मात्र नागरिकांचाच आहे. जिवाचें रक्षण सर्वांस, पण पाय टेकण्यास जागा सर्वांस नाहीं, अशी ही स्थिति आहे.

५. इतर देशांचें वळण

सीमेवरील ही कडकपणा केवळ आपल्याकडे नाहीं. युरोपीय संघानें २०२४ सालीं नवा करार मंजूर केला. सीमेवरच तपासणी व जलद निर्णय करण्यावर त्याचा भर असून तो लागू करण्यासाठीं जून २०२६ हा काळ ठरविला. ब्रिटननें नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर केलें कीं, निर्वासितास पांच वर्षांऐवजीं तीस महिन्यांचा आश्रय द्यावा आणि मग पुन्हा चौकशी करावी. अमेरिकेनें बाहेरून आणावयाच्या निर्वासितांची वर्षाची मर्यादा १,२५,००० वरून २०२६ च्या सरकारी वर्षासाठीं ७,५०० वर आणली.

आणि पोलंड? २०२२ सालीं युक्रेनवर रशियानें चाल केली तेव्हां पोलंडनें लाखों युक्रेनी लोकांस घरांत घेतलें. सुमारें दहा लाख पुढेंहि तेथें राहिले. त्याच वेळीं युक्रेनांत अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांस त्यानें प्रवेशपत्राशिवाय आंत येऊं दिलें. वॉर्सा शहरांत कोल्हापुराच्या नांवाचें स्मारक २०१७ पासून आहे, व ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पचक्र वाहिलें. तथापि त्याच पोलंडनें मार्च २०२५ मध्यें बेलारूसच्या सीमेवर आश्रयाचा अर्ज घेणें तात्पुरतें थांबविलें व ती मुदत पुनः पुन्हा वाढविली. बेलारूस सरकार परक्या लोकांस मुद्दाम सीमेवर लोटतें, हें त्यांचें कारण आहे, व तें अगदींच निराधार नाहीं. गरोदर स्त्रिया, एकटीं मुलें व आजारी ह्यांस त्यांनीं अपवादहि ठेवला आहे. तरी वळिवड्यास आश्रय घेतलेल्या लोकांचेंच राष्ट्र आज दार अर्धें लोटून घेतें, हें पाहून मन थबकतें. ह्यावरून पोलंडला दोष देण्यापेक्षां आपण हें शिकावें कीं, उपकाराची आठवण कितीहि खरी असली तरी ती एकटी कायद्याची जागा घेऊं शकत नाहीं.

६. आपणांस बोध

राज्यास आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे. कोण आला, कोण गेला, हें पाहणें त्याचें काम आहे. परंतु चौकशी न करतां परत लोटणें निराळें, आणि चौकशी करून निर्णय देणें निराळें. २०२५ सालीं महाराष्ट्रांत पकडून बांगलादेशाच्या हद्दींत पाठविलेले कांहीं मजूर पश्चिम बंगालचे भारतीय नागरिक निघाले, व त्यांस परत आणावें लागलें. भाषा ऐकून माणसाचा देश ठरविला म्हणजे काय होतें, तें ह्यावरून दिसतें. चौकशीचा नियम नीट असेल तर परक्याचें रक्षण होतें, आणि आपल्याहि गरिबाचें होतें.

आपल्या गांवीं ऊंसतोडीस, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर परक्या बोलीचीं कुटुंबें येतात. तीं बहुधा आपल्याच देशाचीं असतात. त्यांस घुसखोर म्हणण्यापूर्वीं नांव, गांव विचारावें. मुलांस शाळेंत घालण्यास साह्य करावें. कोणावर आळ आल्यास त्याचे कागद योग्य अधिकाऱ्यापुढें मांडण्यास शिकलेल्यांनीं बरोबर जावें. हें काम लहान दिसतें. परंतु अनोळखी माणसाजवळ त्याच्या वतीनें दोन शब्द बोलणारा कोणी नसणें, हेंच त्याच्या विपत्तीचें अर्धें कारण असतें. पुढच्या खेपेस बस्ता बांधण्यास गांधीनगरास गेलांत, तर क्षणभर थांबून आपल्या मुलांस सांगा कीं, येथें दोन वेळां बोचकीं उतरलीं. एकदां तीं पुन्हा बांधावीं लागलीं, आणि एकदां तीं सुटून त्यांचीं घरें झालीं.

विचारासाठीं प्रश्न

(१) पोलिश व सिंधी निर्वासितांच्या स्थितींत मुख्य फरक कोणता होता?

(२) शिक्षेंतून सूट व नागरिकत्व ह्यांतील भेद उदाहरणानें सांगा.

(३) निर्वासिताजवळ कागद नसणें हा नेहमींच अपराध मानावा काय? कारण द्या.

(४) आपल्या गांवांत बाहेरून आलेलीं कुटुंबें कोणतीं? त्यांच्यापैकीं कोणाचें नांव आपणांस ठाऊक आहे?