परतीच्या पावसात पाहुण्यांना होडीत घेताना

सभासद बंधू-भगिनींनो,

दसरा-दिवाळीच्या सुट्टीत आपले काही होडीवाले पाहुण्यांना गरीने मासे मारायला नेतात. चार पैसे मिळतात, त्याला आमची ना नाही. पण हेच दिवस परतीच्या पावसाचे. म्हणून मागच्या वर्षी शापोरा नदीत घडलेली एक गोष्ट सांगतो.

बेळगावचं कुटुंब होतं. आजोबा, आई-वडील, दोन मुलं. सकाळी निघायला उशीर झाला, त्यामुळे दुपारी दोन वाजले तरी होडी नदीच्या तोंडाजवळच. तेवढ्यात धाकट्याच्या गरीला चांगला चोणक लागला. सगळे त्यातच गुंतले. आपल्या सभासदाने सवयीने समुद्राकडे पाहिलं, तिथं आभाळ निळं. आजोबा शेतकरी माणूस. ते म्हणाले, "अहो, मागं बघा जरा." मागं घाटाच्या बाजूला काळंकुट्ट झालं होतं आणि गडगडायला लागलं होतं.

सभासदाने दोर कापला आणि सरळ काठ गाठला. पोरगं माशासाठी रडलं. सगळे पक्क्या घराच्या ओसरीवरून आत शिरतात न शिरतात तोच पाऊस आणि विजा सुरू झाल्या. नंतर तो मला म्हणाला, "सचिवांनू, वीस वर्षं मी पश्चिमेकडेच बघत आलो."

यातच धडा आहे. जून-जुलैचा पाऊस समुद्रावरून येतो, त्याची आपल्याला सवय आहे. परतीचा पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर सह्याद्रीवर तयार होतो आणि पूर्वेकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो. सकाळचं ऊन बघून फसू नका.

एवढं पाळा:

१. पहाटे निघा, दुपारी बाराच्या आत जेटीला लागा. उशिरा आलेल्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ द्या.

२. आदल्या रात्री आणि पहाटे हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा इशारा बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर ठेवा.

३. वीज चमकली की आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. खरं तर गडगडाट कानावर आला की परत फिरावं, मोजत बसू नये.

४. कार्बनचे रॉड लगेच खाली आडवे ठेवा, त्यातून वीज वाहते. उघड्या होडीत आसरा नाही, झाडाखालीही नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी बघा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

५. पाहुणे असताना नदीचं तोंड ओलांडू नका. पावसाचं पाणी आणि ओहोटी एकत्र बाहेर ओढतात, समोरून लाट येते, आणि वाळूच्या पट्ट्यावर ती उभी राहून फुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर जास्त असतो.

६. लाईफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको. मुलांना मुलांच्या मापाचंच. बांधल्यावर खांद्याकडून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे.

७. मासेमारीची नोंदणी म्हणजे प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. बंदर कप्तान खात्याचा परवाना आणि विमा नसेल तर आधी सोसायटीत या, कागद बघू.

समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. तो पाहुण्यांनाही निघण्यापूर्वीच सांगा.

घरच्या बायामाणसांना एक विनंती. जेटीवरून मागचं आभाळ तुम्हाला आधी दिसतं. काळं दिसलं की फोन करा. धंद्यात आहेत म्हणून संकोच करू नका.

ते बेळगावचं कुटुंब यंदाही येणार आहे. धाकट्याने आधीच विचारलंय, सकाळी किती वाजता निघायचं?

आपला,
सचिव