सोनू, आधी उठून उभा राहा

सांता क्लारा,
१२ जानेवारी २०२५

चि. सोनूस,

काल ताईशी बोलणं झालं. तुझी कंबर धरली आहे, तू चार दिवस दिवसा पडून असतोस आणि रात्री पट्टा बांधून, पलंगावरच लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगला बसतोस, असं ती म्हणाली. ऐकून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. इथे आमची सकाळी आठची मीटिंग सुरू होते तेव्हा तुझ्याकडे नाशिकला रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. दिवसभर बसून थकलेल्या पाठीवर आम्ही आणखी दोन-तीन तास लादतो. माझ्या टीममध्येही तुझ्याच वयाची पुण्याची मुलं आहेत. म्हणून हे पत्र मावशी म्हणून लिहिते आहे आणि त्या मीटिंगा बोलावणारी बाई म्हणूनही. उभं राहून वाच.

माझ्यावर हे २०२० साली गुदरलं. सांता क्लारासह बे एरियातल्या सहा काउंट्यांनी १६ मार्चला घरातच थांबण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल हे माझं ऑफिस झालं. ऑफिसात असताना आपण किती चालतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. गाडीपासून दारापर्यंत, दारापासून जागेपर्यंत, मीटिंगला दुसऱ्या मजल्यावर, कुणाला काही विचारायला त्याच्या टेबलापाशी. त्याला व्यायाम कोण म्हणणार? पण पाठ त्यावरच तगून होती. घरात खुर्चीपासून ओट्यापर्यंत नऊ पावलं. मी मोजली आहेत.

ऑगस्टमध्ये एका सकाळी वॉशिंग मशीनच्या तळाशी राहिलेला मोजा काढायला वाकले आणि उसण भरली. मशीनची कड धरून तशीच अर्धी वाकलेली उभी राहिले. ना सरळ होता येईना, ना खाली बसता येईना. मग तुझ्यासारखंच केलं. दहा दिवस पडून राहिले. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी अंग आणखी आखडलं आणि भीती वाढली. कुशीवर वळायचं तरी मनात दहादा विचार. शेवटी व्हिडिओवर एका फिजिओथेरपिस्टला दाखवलं. त्या म्हणाल्या, पाठ मोडलेली नाही, आखडली आहे. आज पत्रपेटीपर्यंत जाऊन या. त्या दिवसांत डोंगरातल्या वणव्यांचा धूर गावात भरला होता, बाहेर पडायची सोय नव्हती. मी आठवडाभर घरातल्याच बोळातून फेऱ्या मारल्या, भिंतीला हात लावून. पाचव्या दिवशी भिंत सुटली.

मी एमआरआयचा हट्ट धरला होता. तूही धरला आहेस, असं ताई म्हणाली. म्हणून एक आकडा सांगते. पाठ मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या निरोगी माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के. केस पिकावेत तशी ही झीज. तुझ्या अहवालात 'चकती झिजली आहे' असं आलं, तर ते वाचून तू आणखी घाबरून पडून राहशील, एवढंच मला दिसतं.

मात्र काही खुणा दिसल्या तर एक तासही थांबायचं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला आणि बसण्याच्या जागेचा भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी झाली, तर रात्र असो वा मीटिंग, थेट दवाखाना गाठ. ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा पडझड झाली असेल, तरीही डॉक्टरांना लगेच दाखव.

यातलं काही नसेल, तर पलंग सोड. चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. आजूबाजूच्या हाडांमधून झिरपून येईल त्यावर त्या जगतात, आणि हालचालीने दाब पडतो-सुटतो त्याची या झिरपण्याला मदत होते. त्या पट्ट्याचंही ऐक. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं, त्यात कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणं नेहमीच्या उपचारांत नकोत, असं स्पष्ट म्हटलं आहे. तुझं दुखणं अजून जुनाट नाही, ते तसं होऊ द्यायचं नाही.

बसण्याची जागा आजच बदल. लॅपटॉपची अडचण अशी की पडदा आणि कळफलक एकाला एक जोडलेले. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. वेगळा कळफलक आणि माउस घे आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल एवढा लॅपटॉप उचल. मी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला होता, तो अजून तिथेच आहे. माझी उंची पाच फूट एक इंच, आणि इथलं जेवणाचं टेबल साधारण तीस इंच उंच. त्यावर हात टेकले की खांदे कानाकडे चढायचे. खुर्ची वर केली तर पाय लोंबकळायचे. मग आईचा लाकडी पाट पायांखाली घेतला. पाटावर पाय ठेवताना मनाला फार जड गेलं, पण मांड्यांवरचा ताण त्याच दिवशी उतरला. कमरेच्या खोलगट भागात पंच्याची गुंडाळी पुरते. महागड्या खुर्चीची घाई करू नकोस. कामासाठी करावा लागलेला आवश्यक खर्च मालकाने भरून द्यावा, असं कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात, कलम २८०२ मध्ये आहे. तो तुला लागू नाही, पण तुझ्या कंपनीला विचारून तर बघ.

आणि हे सगळं साधलं तरी चांगल्यात चांगल्या बैठकीतही अर्ध्या तासाच्या वर राहू नकोस. लहानपणी आजी आपल्याला "पोक काढू नकोस" म्हणायची, त्यामुळे ताठ बसलं की काम झालं असं वाटतं. ताठ बसून दोन तास न हलणंही पाठीला नकोच असतं. पेला लहान घे, म्हणजे पाण्याला सारखं उठावं लागेल. नुसतं ऐकायचं असेल ती मीटिंग खोलीत फेऱ्या मारत ऐक.

रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७१३ साली लेखनिकांच्या दुखण्यांवर लिहिलं. त्याने तीन कारणं दिली : सतत बसणं, हाताची तीच तीच हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. पेशव्यांच्या फडावरच्या कारकुनांनाही ती लागू पडली असती. तिसरं कारण मला तुझ्यात दिसतं. डिसेंबरपासून तू झोपत नाहीस, नोकरीची धास्ती घेतली आहेस. झोप उडालेल्या माणसाला तेवढंच दुखणं जास्त दुखतं. तुझ्या मॅनेजरला दुखण्याचं सांग. लपवू नकोस.

माझ्याकडून होईल ते मी केलं आहे. सोमवारपासून आमच्या तासाच्या मीटिंगा पन्नास मिनिटांच्या आणि अर्ध्या तासाच्या पंचवीसच्या, आणि पुण्याच्या मुलांना कॅमेरा बंद ठेवून उभं राहायची, फिरायची मोकळीक. हे मला पाच वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.

आज दारापर्यंत, उद्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. दुखेल थोडं, तेवढं चालेल. शनिवारी सकाळी आठला मला फोन कर, माझी शुक्रवारची संध्याकाळ असेल. मी सान टॉमस अक्विनो ओढ्याकाठच्या पायवाटेवर चालत असेन. तू गंगेवर, गोदेकाठी ये, कानटोपी घालून, आणि चालत चालतच बोल. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे.

तुझी,
मावशी