तीन ओळींची शिकवण : कवयित्री शिरीष पै आणि मराठी हायकू

परकी काव्यरूपे आपल्या भाषेत येऊन येथलीच होऊन जाणे ही मराठीला अपरिचित गोष्ट नव्हे. इंग्रजीतील चौदा ओळींचे सुनीत केशवसुतांनी १८९२ साली मराठीत आणिले. आपल्या कोल्हापुरातील राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे कवी माधव जूलियन यांनी फारसीतील गज्जल व रुबाई यांस मराठी वेष दिला. त्याच परंपरेत जपानी हायकू मराठीत रुजविण्याचे श्रेय श्रीमती शिरीष पै यांजकडे जाते. त्यांच्या चरित्रापासून विद्यार्थ्यांनी व पालकांनीही घेण्याजोगे पुष्कळ आहे.

प्रथम हायकू म्हणजे काय ते पाहू. जपानी भाषेत ही कविता सतरा ध्वनींची असते. पाच, सात व पुन्हा पाच असे तिचे तीन भाग पडतात. तीत ऋतू सुचविणारा एखादा शब्द येतो, आणि मध्ये एक विराम असतो, ज्याच्या दोहो बाजूंस दोन चित्रे समोरासमोर उभी राहतात. या काव्याला खरी प्रतिष्ठा दिली ती बाशो या कवीने (१६४४–१६९४). त्याच्या एका शिष्याने त्याच्या झोपडीशेजारी केळ लावून दिली. केळीला जपानी भाषेत ‘बाशो’ म्हणतात, आणि तेच नाव कवीने पुढे स्वतःस घेतले. १६८९ साली त्याने जपानच्या उत्तर भागात दूरची पदयात्रा केली व तिचे वर्णन गद्यपद्यात लिहून ठेविले. त्याच्यामागून आलेल्या इस्साने (१७६३–१८२८) माशी, चिमणी, बेडूक अशा क्षुद्र जीवांवरही ममतेने कविता केल्या. ‘हायकू’ हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकी या कवीने रूढ केले. भारतात रवींद्रनाथ ठाकूर १९१६ साली जपानला गेले, तेव्हा त्यांनी बाशोच्या कविता बंगालीत उतरवून या काव्याची ओळख करून दिली.

शिरीष पै यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९२९ रोजी झाला. त्या आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांच्या कन्या. अत्रे म्हणजे वाणीचा महापूर! नाटक, विनोद, चित्रपट, वर्तमानपत्र, व्याख्यान, सर्वत्र त्यांचा संचार होता. १९५६ साली त्यांनी ‘मराठा’ हे दैनिक काढले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या सभांना अफाट जनसमुदाय लोटत असे. अतिशयोक्ती हा तर त्यांच्या भाषेचा अलंकारच होता. अशा घरात वाढलेल्या शिरीषताईंनी ‘मराठा’त काम केले, त्या चळवळीतही भाग घेतला, कथा, कादंबरी, नाटक असे विविध लेखन केले. ‘एका पावसाळ्यात’सारखे कवितासंग्रहही त्यांच्या नावावर आहेत. परंतु पुढे त्यांचे मन रमले ते हायकूत, म्हणजे जेथे एकही शब्द अधिक चालत नाही अशा ठिकाणी.

ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या पित्याच्या एका भाषणात सहस्रावधी शब्द वाहत, त्याच्या कन्येने आपले माप तीन ओळींचे निवडले. असे करताना तिने पित्याचा वारसा नाकारला नाही. ‘वडिलांचे सेवेशी’ हे त्यांचे पुस्तक तिच्या पितृभक्तीची साक्ष देते. पित्याविषयी आदर बाळगावा, परंतु त्याच्या आवाजाची नक्कल करू नये, हे त्यांनी आचरणाने दाखविले. आपले मूल आपल्यासारखेच व्हावे अशी इच्छा बाळगणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. मोठा आवाज हाच काही एकमेव आवाज नव्हे.

मराठीत हायकू आणताना शिरीषताईंनी सतरा अक्षरांचे गणित हट्टाने पाळले नाही. जपानी भाषेतील ध्वनी आणि मराठी अक्षर ही सर्वस्वी एक नव्हेत. त्यांनी तीन ओळींची चौकट ठेविली व बहुधा दोन ओळींत यमक साधून तिला मराठी कानाला रुचणारा नाद दिला. विषय घेतले ते रोजचे : पाखरे, पाऊस, झाडे, खिडकीतून दिसणारे आभाळ. दृष्टीसमोरचा एक क्षण निसटून जाण्यापूर्वी शब्दांत धरावा, आणि त्यावर भाष्य करू नये, हे हायकूचे मर्म त्यांनी जपले. २ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तोवर अनेक कवी मराठीत हायकू लिहू लागले होते.

आता एक उदाहरण घेऊ. पंचगंगेच्या काठी सायंकाळी म्हैस पाण्यात उतरताना दिसली, तर निबंध लिहिणारा विद्यार्थी ‘अहाहा, काय ते रम्य दृश्य!’ असे लिहून मोकळा होतो. त्याने वाचकाला काहीच दाखविले नाही. त्याऐवजी एवढेच लिहून पाहा :

म्हैस पाण्यात शिरते,
पाठीवरचा बगळा उडतो,
पाण्यातले आभाळ हलते.

येथे ‘रम्य’ हा शब्द नाही. तरी वाचकाच्या मनात सायंकाळ उभी राहते, कारण लिहिणाऱ्याने आधी नीट पाहिले. हायकू लहान असतो म्हणून तो सोपा, असे कोणी समजू नये. लांब लेखात न पाहिलेली गोष्टही शब्दांच्या गर्दीत लपते. तीन ओळींत ती लपवावयास जागाच नसते. म्हणून हायकू ही एका अर्थी सत्य बोलण्याची तालीम आहे.

प्रभू येशूने आपल्या श्रोत्यांस रानातील फुलांकडे व आकाशातील पाखरांकडे लक्ष देऊन पाहावयास सांगितले. ती आज्ञा आपण पुष्कळदा ऐकतो, परंतु शब्दशः पाळतो कितीजण? विद्यार्थ्यांनो, येत्या सुटीत एक लहानशी वही करा. दररोज डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेली एकच गोष्ट तीन ओळींत लिहा. सुंदर, भव्य, मनोहर ही विशेषणे वर्ज्य करा, आणि शेवटी तात्पर्य जोडू नका. वही भरेल तेव्हा तुमच्यातील प्रत्येकजण कवी झालेला असेल असे नाही. परंतु ज्या वाटेने तुम्ही शाळेस येता, ती वाट तुम्ही पूर्वी कधी पाहिलीच नव्हती, हे तुमच्या ध्यानात खचित येईल.