कृत्रिम रेतन सेवकाची दैनंदिन फेरी : आखणीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य

गोपैदाशीच्या सुधारणेत उत्तम वळूच्या रेताइतकेच महत्त्व वेळेला आहे. गोठविलेली रेतमात्रा द्रव नत्राच्या पात्रात उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानात वर्षानुवर्षे टिकते. गाईचा माज मात्र काही तासच टिकतो. तो चुकल्यास पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. तेवढे दिवस चारा-वैरणीचा खर्च चालूच राहतो व पुढील वेतही तितकेच लांबते. म्हणून गावोगाव जाऊन सेवा देणाऱ्या कार्यकर्त्याची फेरी हा केवळ पेट्रोलच्या बचतीचा प्रश्न नव्हे. अशी फेरी आखण्यासाठी हल्ली मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेता येते. ते कसे व कितपत घ्यावे, याचे विवेचन येथे केले आहे.

माज आणि रेतनाची वेळ

गाईचा माज साधारणपणे १२ ते १८ तास टिकतो आणि तो संपल्यावर १० ते १२ तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. यावरून पुढील व्यावहारिक नियम रूढ झाला आहे : माज सकाळी प्रथम दिसल्यास त्याच दिवशी सायंकाळी रेतन करावे, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी करावे. अर्थात प्रत्येक जनावरासाठी फेरीत एक ठरावीक वेळ राखून ठेवावी लागते. गर्भतपासणीसारखी कामे मात्र दिवसात केव्हाही उरकता येतात. हा भेद हाच आखणीचा पाया होय.

फेरीचे गणित

चार गावांना भेट देण्याचे २४ क्रम संभवतात; आठ गावांचे ४०,३२० आणि दहा गावांचे ३६,२८,८००. इतके क्रम मनाने पडताळणे शक्य नाही. या प्रश्नाकडे गणितज्ञांचे लक्ष फार पूर्वीच गेले आहे. १९५४ साली डँट्झिग, फल्कर्सन व जॉन्सन यांनी अमेरिकेतील ४९ शहरांच्या फेरीचा सर्वांत जवळचा मार्ग सिद्ध करून दाखविला. पुढे १९५९ साली डँट्झिग व रॅमसर यांनी पेट्रोल वाहून नेणाऱ्या मालमोटारींच्या फेऱ्यांचा प्रश्न हाताळला. तेव्हा जे काम मोठ्या परिश्रमाने होई, ते आज मोबाइलवर थोड्या वेळात होऊ शकते. तथापि यंत्राला दिलेली माहिती चुकीची असेल तर उत्तरही चुकीचेच मिळणार, हे विसरता कामा नये.

एक उदाहरण

समजा, केंद्रापासून पूर्वेच्या रस्त्यावर ६ किलोमीटरवर ‘अ’ व १० किलोमीटरवर ‘आ’ ही गावे आहेत. पश्चिमेच्या रस्त्यावर ५ किलोमीटरवर ‘इ’ व १२ किलोमीटरवर ‘ई’ ही गावे आहेत. सकाळी या क्रमाने फोन आले :

१. ‘अ’ येथे एका गाईची गर्भतपासणी करावयाची आहे.
२. ‘ई’ येथील गाय आज पहाटे सहा वाजता माजावर आलेली दिसली.
३. ‘आ’ येथील गाईचा माज काल सायंकाळीच दिसला होता. फोन मात्र आज केला.
४. ‘इ’ येथील गाईचाही माज काल सायंकाळी दिसला.

दुपारी केंद्रावर आणलेली जनावरे पाहावयाची असल्याने तेथे परतणे आवश्यक आहे.

फोन आले त्याच क्रमाने निघाल्यास एकूण ६६ किलोमीटर प्रवास होतो. केवळ अंतर पाहिल्यास दोन्ही रस्ते एकदाच करून ४४ किलोमीटरमध्ये काम आटोपते. परंतु ही सलग फेरी सकाळी केल्यास ‘ई’ येथील गाईचे रेतन वेळेपूर्वी होते आणि सायंकाळी केल्यास ‘आ’ व ‘इ’ येथील गाईंची वेळ टळते. वेळेचे बंधन सांगून यंत्राकडून आखणी करून घेतल्यास ती अशी होईल : सकाळी ‘अ’, ‘आ’ आणि ‘इ’ करून दुपारी केंद्रावर यावे, सायंकाळी ‘ई’ येथे जाऊन परतावे. हा प्रवास ५४ किलोमीटरचा आहे. सर्वांत जवळच्या फेरीपेक्षा तो १० किलोमीटर अधिक असला तरी तिन्ही गाईंचे रेतन वेळेवर होते. एक वेत तीन आठवडे लांबविण्यापेक्षा दहा किलोमीटरचे पेट्रोल केव्हाही स्वस्त होय.

येथे ‘आ’ गावाची नोंद विशेष ध्यानात घ्यावी. यंत्राला फोनची वेळ दिली तर ते ही गाय आज सकाळी माजावर आली असे समजून तिला सायंकाळच्या फेरीत टाकील आणि अर्धा दिवस वाया जाईल. म्हणून फोन केव्हा आला हे नव्हे, तर माज प्रथम केव्हा दिसला हे विचारून तीच वेळ नोंदवावी.

घ्यावयाची दक्षता

१. गावांमधील अंतरे स्वतः लिहून द्यावीत. बोलक्या स्वरूपाचे कार्यक्रम कधी कधी अंतरे मनानेच रचून आत्मविश्वासाने सांगतात. आलेली फेरी नकाशावर पडताळून पाहावी.
२. ओढ्याला आलेला पूर, आठवडी बाजाराची गर्दी, उसाच्या गाड्यांनी अडलेला रस्ता या गोष्टी यंत्राला आपोआप कळतीलच असे नाही. त्या सांगाव्यात.
३. पशुपालकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक यंत्राला देण्याची गरज नाही. गाव, काम व वेळ एवढे पुरेसे आहे.
४. अडलेल्या जनावराची वर्दी आल्यास पशुवैद्यकास तत्काळ कळवावे. अशा वेळी अंतराचा हिशेब बाजूस ठेवावा व उरलेल्या गावांची आखणी नव्याने करून घ्यावी.
५. वेळ वाचविण्याच्या हेतूने रेतमात्रा वाटेतच वितळवून ठेवू नये. वितळलेली मात्रा पुन्हा गोठविता येत नाही. गाय प्रत्यक्ष तपासून माजाची खात्री झाल्यावरच ती पात्रातून काढावी.
६. केलेले रेतन व गाय उलटल्याची नोंद वहीत ठेवावी. एखाद्या गावातील गाई वारंवार उलटत असल्यास तेथे वेळेवर पोहोचणे होते की नाही, हे त्यावरून तपासता येते.

पशुपालक बंधूंचे कर्तव्य

फेरीची आखणी गोठ्यातून सुरू होते. सकाळी व सायंकाळी जनावरांजवळ थोडा वेळ थांबून निरीक्षण करावे. वारंवार हंबरणे, बेचैनी, स्वच्छ चिकट बळस आणि दुसरे जनावर अंगावर चढले असता स्थिर उभे राहणे ही माजाची लक्षणे होत. म्हशींत माज पुष्कळदा मुका असतो; त्यांच्याकडे अधिक बारकाईने पाहावे. लक्षण दिसताच वेळ टिपून ठेवावी व विलंब न करता कळवावे.

पशुपालकाची नजर, सेवकाचे कौशल्य आणि यंत्राचा हिशेब या तिहींचा मेळ बसला तर माज वाया जाणार नाही. यंत्र मार्ग दाखवील. वेळ मात्र गाईच ठरवील. ही गोष्ट ध्यानी ठेवून ग्रामसेवक व कृत्रिम रेतन सेवकांनी प्रथम एक आठवडा आपली नेहमीची फेरी व यंत्राने सुचविलेली फेरी शेजारी-शेजारी लिहून पाहावी आणि अनुभवाने योग्य ती पद्धत स्वीकारावी.